मेसॉन: मधल्या वस्तुमानापासून क्वार्कच्या जोडीपर्यंत

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना ग्रंथालयातल्या एका जुन्या पाठ्यपुस्तकात मी मूलकणांचा एक तक्ता पाहिला होता आणि तो वहीत उतरवूनही घेतला होता. तक्ता अगदी सुटसुटीत होता. वर हलके कण म्हणजे लेप्टॉन, खाली जड कण म्हणजे बॅरिऑन आणि दोहोंच्या मध्ये, मधल्या वस्तुमानाचे म्हणून, मेसॉन. मेसॉनच्या रकान्यात पहिलेच नाव ‘म्यू-मेसॉन’ असे होते. पुढच्या वर्षी नेमलेल्या नव्या पुस्तकात मात्र हाच कण म्यूऑन या नावाने इलेक्ट्रॉनच्या शेजारी, लेप्टॉनांच्या कुटुंबात जाऊन बसलेला दिसला आणि त्याची ही बदली का झाली, याबद्दल त्या पुस्तकात एक ओळही नव्हती. वस्तुमान तर तेच होते, इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०७ पट. कण तोच असताना त्याचा वर्ग कसा बदलला, हा प्रश्न तेव्हा मनात रुतून बसला आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मेसॉनांशी जी ओळख झाली ती आजवर सुटलेली नाही.

वस्तुमानावरून वर्ग पाडण्याची ती पद्धतच पुढे कोलमडली, हे त्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर आहे. कणभौतिकीत वस्तुमान ऊर्जेच्या एककात, मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये सांगतात. त्या मापात इलेक्ट्रॉन ०.५११, तर प्रोटॉन सुमारे ९३८ भरतो. आता लेप्टॉन म्हणजे हलका म्हणावे, तर टाऊ हा लेप्टॉन १,७७७ भरतो, म्हणजे प्रोटॉनच्या जवळजवळ दुप्पट. मेसॉन म्हणजे मधला म्हणावे, तर बी-मेसॉन ५,२७९ भरतो, म्हणजे प्रोटॉनच्या पाचपटीहून अधिक. एखादा कण मेसॉन आहे की नाही हे त्याच्या आत काय आहे आणि त्याला कोणते बल जाणवते, यावरून ठरते. एवढे वाक्य लिहिता येण्यासाठी भौतिकीला १९३५ ते १९६४ अशी जवळजवळ तीस वर्षे लागली आणि ती वाट मला त्या व्याख्येपेक्षा कितीतरी अधिक शिकवणारी वाटते.

सुरुवात अणुकेंद्राच्या कोड्यापासून झाली. १९३२ मध्ये चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधल्यावर अणुकेंद्र प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांचे बनलेले असते हे स्पष्ट झाले, पण धन विद्युत्‌भाराचे प्रोटॉन एकमेकांना दूर लोटत असताना ते इतक्या दाटीने एकत्र कसे राहतात, हे कळत नव्हते. त्यांना बांधून ठेवणारे बल विद्युत्‌बलापेक्षा प्रबल असले पाहिजे, शिवाय त्याचा पल्लाही फार आखूड असला पाहिजे, कारण अणुकेंद्राच्या बाहेर ते जाणवतच नाही. ओसाका येथे काम करणारे तरुण जपानी भौतिकज्ञ हिदेकी युकावा यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात या आखूड पल्ल्याचाच धागा पकडला. विद्युत्‌चुंबकीय बल दोन भारित कणांमध्ये फोटॉनच्या देवघेवीतून चालते आणि फोटॉनला वस्तुमान नसल्यामुळे त्या बलाचा पल्ला अमर्याद असतो; तेव्हा अणुकेंद्रातले बलही एखाद्या कणाच्या देवघेवीतून चालत असेल, तर पल्ला आखूड असण्याचा अर्थ त्या कणाला वस्तुमान आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

हा हिशोब कोणालाही करून पाहता येण्याजोगा आहे. पुंजभौतिकीत पल्ला आणि वस्तुमान एकमेकांशी व्यस्त प्रमाणात बांधलेले असतात, आणि एक फेम्टोमीटर, म्हणजे सरळ सांगायचे तर अणूच्या लाखाव्या भागाएवढा पल्ला असेल, तर देवघेवीतल्या कणाचे वस्तुमान सुमारे १९७ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट निघते. पल्ला दुप्पट धरला तर ते निम्मे होते. युकावांच्या हाती असलेल्या अंदाजांवरून त्यांना इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०० पट वस्तुमानाचा कण मिळाला. इलेक्ट्रॉनपेक्षा पुष्कळ जड आणि प्रोटॉनपेक्षा पुष्कळ हलका असा कण त्या वेळी कोणाच्याही पाहण्यात नव्हता. केवळ बलाच्या पल्ल्यावरून, न पाहिलेल्या कणाचे वजन सांगण्याचे हे धाडस मला विसाव्या शतकातल्या सर्वांत देखण्या युक्तिवादांपैकी एक वाटते.

लगेचच असा कण सापडला, असे सगळ्यांना वाटलेही. १९३६ मध्ये कार्ल अँडरसन आणि सेठ नेडरमायर यांना विश्वकिरणांच्या, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांच्या अभ्यासात, क्लाउड चेंबरमधल्या बाष्पात उमटलेल्या मागांमध्ये इलेक्ट्रॉनपेक्षा जड आणि प्रोटॉनपेक्षा हलका असा कण दिसला. त्याला ‘मेसोट्रॉन’ हे नाव पडले. १९३९ मध्ये होमी भाभा यांनी ‘नेचर’मधील एका टिपणात या नावावर आक्षेप घेतला. इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रॉन या शब्दांतला ‘ट्र’ हा त्यांच्या मूळ धातूंतून आलेला आहे, पण ‘मधला’ या अर्थाच्या ‘मेसोस’ या ग्रीक शब्दात तो नाहीच. तेव्हा मेसोट्रॉनऐवजी ‘मेसॉन’ म्हणणे योग्य, असे त्यांचे म्हणणे होते आणि शेवटी तेच नाव रूढ झाले. भाभांचे या कणाविषयीचे काम केवळ नावापुरते नव्हते. असा कण अस्थिर असेल तर सापेक्षता सिद्धांतानुसार वेगाने जाताना त्याचे आयुष्य लांबलेले दिसेल, हे त्यांनी १९३८ मध्येच लिहून ठेवले होते आणि पुढे म्यूऑनांच्या मोजमापांतून त्याचा प्रत्यय आला. वातावरणात बरेच वर जन्मणारे म्यूऑन आपल्या सरासरी २.२ मायक्रोसेकंदांच्या आयुष्यात, प्रकाशाच्या वेगाने गेले तरी, एरवी जेमतेम ६६० मीटर अंतर कापू शकले असते. प्रत्यक्षात ते कित्येक किलोमीटर पार करून समुद्रसपाटीपर्यंत पोहोचतात आणि आडव्या धरलेल्या तळहातावरून दर सेकंदाला साधारण एक म्यूऑन आरपार जातो.

नाव मिळाले, वस्तुमान जुळले, पण वागणूक जुळेना. ज्या कणाने प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांना बांधून ठेवायचे, त्याने अणुकेंद्र दिसताच त्याच्याशी प्रबळ परस्परक्रिया करायला हवी, आणि हा कण तर जाड शिशातूनही फारशी दखल न घेता निघून जात होता. निकाल लागला तो रोममध्ये. मार्चेल्लो कॉन्व्हर्सी, एत्तोरे पान्चिनी आणि ओरेस्ते पिच्चोनी यांनी ऋणभारित ‘मेसॉन’ कार्बनमध्ये थांबवून त्यांचे काय होते ते पाहिले. ऋणभारित कण धनभारित अणुकेंद्राकडे ओढला जातो, आणि तो युकावांचा कण असेल तर केंद्राने त्याला क्षणार्धात गिळायला हवे. पण १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार कार्बनमध्ये त्यातले बरेचसे कण निवांतपणे स्वतःहून विघटित होत होते. फर्मी, टेलर आणि वाइसकॉफ यांनी हिशोब मांडला, तेव्हा अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांत सुमारे एक लाख कोटी पटींची तफावत निघाली. एवढ्या तफावतीला मोजमापातील चूक म्हणून बाजूला सारता येत नाही. दहा वर्षे ज्याला युकावांचा कण समजले जात होते, तो दुसराच कोणीतरी होता.

खरा कण त्याच वर्षी सापडला. ब्रिस्टल येथे सेसिल पॉवेल, जुझेप्पे ओक्यालिनी आणि सेझार लात्तेस यांनी छायाचित्रणाच्या खास जाड लेपाच्या प्लेट पिरेनीज पर्वतातल्या पिक द्यु मिदी शिखरावर आणि नंतर बोलिव्हियातल्या पाच हजार मीटरहून उंच चाकाल्ताया येथे ठेवल्या. प्लेट धुतल्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची इंच न इंच तपासणी करण्याचे चिकाटीचे काम प्रामुख्याने स्त्रिया करीत असत, आणि त्यांनाच ते माग दिसले: एक कण हळू होत होत थांबतो, आणि जेथे थांबतो तेथूनच दुसऱ्या, किंचित हलक्या कणाचा माग सुरू होतो. दुसऱ्या मागाची लांबी दर वेळी जवळजवळ सारखीच, सुमारे ०.६ मिलिमीटर, भरत होती. या सारखेपणातच सगळा अर्थ दडलेला आहे. थांबलेल्या कणाचे दोनच तुकडे होत असतील, तर ऊर्जेची आणि संवेगाची वाटणी एकाच प्रकारे होऊ शकते आणि प्रत्येक वेळी दिसणाऱ्या तुकड्याला तेवढीच ऊर्जा मिळते. तुकडे तीन असते, तर मागाची लांबी दर वेळी वेगळी आली असती. पहिला कण पायॉन, म्हणजे युकावांचा मेसॉन. त्याच्यापासून निघालेला दुसरा म्यूऑन, म्हणजे अँडरसन यांचा कण. आणि अदृश्य राहिलेला तिसरा भागीदार न्यूट्रिनो, म्हणजे जवळजवळ वस्तुमान नसलेला, भाररहित लेप्टॉन. दोन वेगवेगळे कण असावेत हे जपानमध्ये साकाता आणि इनोउए यांनी युद्धकाळातच सुचवले होते, पण ते लिखाण पश्चिमेकडे वेळेवर पोहोचले नाही. युकावांना १९४९ चे आणि पॉवेल यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे मला थोडे थांबून विभा चौधुरी यांच्याविषयी लिहायचे आहे, कारण मी अभ्यासलेल्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात त्यांचे नाव नव्हते. कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटमध्ये देवेंद्र मोहन बोस आणि विभा चौधुरी यांनी पॉवेल यांच्या कितीतरी आधी, दार्जिलिंग आणि सांदकफू यांसारख्या उंच ठिकाणी छायाचित्रणाच्या प्लेट ठेवून विश्वकिरणांचे माग मिळवले होते आणि इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०० पट वस्तुमानाच्या कणांविषयीचे त्यांचे निबंध १९४० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. अचूक मोजमापासाठी अधिक संवेदनशील प्लेट हव्या होत्या आणि महायुद्धामुळे त्या मिळाल्या नाहीत. त्यामुळे पायॉन आणि म्यूऑन वेगळे काढण्याइतकी बारकाई त्यांना साधता आली नाही. शोधाचे श्रेय ब्रिस्टलच्या गटाचे आहे, यात वाद नाही. पण पद्धत हीच होती, आणि पर्वतावर प्लेट नेऊन ठेवणारी ती तरुण संशोधक तिच्या साधनांच्या मर्यादेमुळेच अलीकडे थांबली, हे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

पायॉन तीन प्रकारचे असतात: धनभारित, ऋणभारित आणि भाररहित. भारित पायॉनचे वस्तुमान १३९.६ आणि भाररहिताचे १३५ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट. भारित पायॉन सरासरी २६ नॅनोसेकंद टिकतो. भाररहित पायॉन मात्र विद्युत्‌चुंबकीय बलामुळे दोन फोटॉनमध्ये विघटित होतो आणि त्याचे आयुष्य भारिताच्या तीस कोटीव्या भागाएवढेच असते; वस्तुमानात जेमतेम तीन टक्क्यांचा फरक असलेल्या भावंडांचे आयुष्य इतके विषम का, तर एकाचा मृत्यू दुर्बल बलाच्या (एका कणाचे दुसऱ्यात संथपणे रूपांतर घडवणाऱ्या बलाच्या) हाती आहे आणि दुसऱ्याचा विद्युत्‌चुंबकीय बलाच्या. मेसॉनांच्या अभ्यासात आयुष्य पाहिले की कोणते बल काम करीत आहे ते ओळखता येते, आणि ही खूण पुढे फार उपयोगी पडली.

भारित पायॉनच्या विघटनात एक गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती उलटी छापली गेली असावी असे वाटले होते. पायॉन म्यूऑनमध्ये विघटित होऊ शकतो तसा इलेक्ट्रॉनमध्येही होऊ शकतो, आणि इलेक्ट्रॉन कितीतरी हलका असल्यामुळे तो मार्ग अधिक सोपा असायला हवा. प्रत्यक्षात दहा हजारांत जेमतेम एकदा इलेक्ट्रॉन निघतो. कारण असे की पायॉनचे परिवलन (कणाची जणू स्वतःभोवतीची फिरकी, इंग्रजीत स्पिन) शून्य आहे, त्यामुळे विरुद्ध दिशांना जाणाऱ्या दोन तुकड्यांची परिवलनेही एकमेकांना शून्य करणारी असावी लागतात. न्यूट्रिनो नेहमी डावखुराच असतो, म्हणजे त्याचे परिवलन त्याच्या गतीच्या उलट दिशेला असते, आणि प्रतिन्यूट्रिनो नेहमी उजवा. या सक्तीमुळे सोबतच्या लेप्टॉनला दुर्बल बलाला नको असलेल्या बाजूचे परिवलन घ्यावे लागते. जड आणि म्हणून मंद निघणाऱ्या म्यूऑनला ते बऱ्यापैकी साधते, प्रकाशाच्या वेगाजवळ धावणाऱ्या हलक्या इलेक्ट्रॉनला जवळजवळ साधतच नाही. एका साध्या मेसॉनच्या विघटनाचे प्रमाण मोजून दुर्बल बलाची घडण कळते, हे मला आजही विलक्षण वाटते.

१९४७ हे वर्ष मेसॉनांचेच होते. मँचेस्टर येथे जॉर्ज रॉचेस्टर आणि क्लिफर्ड बटलर यांना क्लाउड चेंबरमध्ये इंग्रजी व्ही अक्षरासारखे दुभंगलेले माग मिळाले. ते पुढे केऑन म्हणून ओळखल्या गेलेल्या कणांचे होते. वस्तुमान सुमारे ५०० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट. हे कण जन्मत होते प्रबल बलाच्या, म्हणजे अणुकेंद्र बांधून ठेवणाऱ्या बलाच्या, झपाट्याने आणि मरत होते दुर्बल बलाच्या संथपणाने, म्हणजे त्यांच्या जन्माला लागणाऱ्या वेळाच्या मानाने त्यांचे आयुष्य लक्षावधी पटींनीही मोजता येऊ नये इतके दीर्घ होते. गेलमन आणि निशिजिमा यांनी १९५३ मध्ये स्वतंत्रपणे यावर तोडगा सुचवला: या कणांजवळ ‘स्ट्रेंजनेस’ नावाचा एक गुण आहे, प्रबल बल तो जपते म्हणून हे कण जोडीनेच जन्मतात, आणि एकटा पडलेला कण हा गुण फक्त दुर्बल बलाच्या मदतीने टाकू शकतो, म्हणून तो रेंगाळतो. केऑनचेच एक कोडे सोडवताना ली आणि यांग यांनी १९५६ मध्ये दुर्बल बल डावे-उजवे यांत भेद करीत असावे अशी शंका मांडली आणि पुढच्याच वर्षी चिएन-शिउंग वू यांच्या कोबाल्टवरील प्रयोगाने ती खरी ठरली.

त्यानंतर कण इतके सापडत गेले की त्यांना मूलकण म्हणणे अवघड होऊन बसले. १९६४ मध्ये मरे गेलमन आणि जॉर्ज झ्वाइग यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, प्रबल बल जाणवणारे हे सगळे कण ‘क्वार्क’ नावाच्या आणखी लहान घटकांचे बनलेले आहेत असे मांडले, आणि मेसॉनला त्याची आजची ओळख मिळाली. बॅरिऑन तीन क्वार्कांचा, मेसॉन एक क्वार्क आणि एक प्रतिक्वार्क (विरुद्ध भाराचा जुळा प्रतिकण) यांच्या जोडीचा. अप, डाउन आणि स्ट्रेंज हे क्वार्कांचे तेव्हाचे तीन प्रकार. धनभारित पायॉन म्हणजे एक अप क्वार्क आणि एक प्रतिडाउन. पहिल्याचा भार दोन-तृतीयांश, दुसऱ्याचा एक-तृतीयांश, मिळून पूर्ण एक. प्रतिडाउनच्या जागी प्रतिस्ट्रेंज ठेवला की धनभारित केऑन होतो. म्यूऑनमध्ये क्वार्क नाहीत, त्याला प्रबल बल जाणवत नाही, म्हणून तो मेसॉन नाही. माझ्या वहीतल्या तक्त्याचे उत्तर एवढेच होते.

या व्याख्येतून मेसॉनांचे कणांमधले स्थान आपोआप उलगडत जाते. क्वार्कचे परिवलन अर्धे असते. दोन अर्धी मिळून शून्य किंवा एक होते, आणि क्वार्क एकमेकांभोवती फिरत असतील तर आणखी वाढते, पण ते नेहमी पूर्णांकच राहते. म्हणून प्रत्येक मेसॉन हा बोसॉन, म्हणजे पूर्णांक परिवलनाचा कण असतो, तर तीन क्वार्कांचा बॅरिऑन फर्मिऑन, म्हणजे अर्ध्या पटींतल्या परिवलनाचा कण असतो. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. प्रोटॉन कधीही एकटा नाहीसा होताना आढळलेला नाही, कारण बॅरिऑनांची निव्वळ संख्या जपली जाते. मेसॉनमध्ये क्वार्क आणि प्रतिक्वार्क एकमेकांना रद्द करतात, ही संख्या शून्य राहते, आणि त्यामुळे मेसॉनांच्या संख्येवर कसलेही बंधन नाही: पुरेशी ऊर्जा असेल तर एका टकरीतून शेकडो पायॉन निर्माण होऊ शकतात, आणि ते सगळे नाहीसेही होऊ शकतात. एकही मेसॉन स्थिर नाही. आपल्या शरीरातले आणि ताऱ्यांतले टिकाऊ द्रव्य बॅरिऑन आणि इलेक्ट्रॉन यांचे आहे. मेसॉन हे त्या द्रव्यातल्या व्यवहारांचे कण आहेत.

पायॉनच्या वस्तुमानात मात्र एक कोडे उरते आणि त्याच्यापाशी मी बराच काळ रेंगाळलो आहे. अप क्वार्कचे स्वतःचे वस्तुमान सुमारे २ आणि डाउनचे सुमारे ५ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट मानले जाते. याच दोन क्वार्कांची परिवलने एकाच दिशेला ठेवली की रो-मेसॉन मिळतो, आणि तो ७७५ भरतो. प्रोटॉनही ९३८ भरतो. म्हणजे या कणांचे बहुतेक वस्तुमान क्वार्कांचे नसून त्यांना जखडणाऱ्या प्रबल क्षेत्राच्या ऊर्जेचे आहे, आणि मग प्रश्न असा की तेच क्वार्क असलेला पायॉन फक्त १४० का भरतो. योइचिरो नांबू यांनी १९६० च्या सुमारास दिलेले उत्तर असे: क्वार्कांना वस्तुमान नसते, तर प्रबल बलाच्या नियमांत डाव्या आणि उजव्या परिवलनांची एक सममिती असती; निर्वात अवस्था ही सममिती पाळत नाही, आणि सममिती अशी आपसूक मोडली की तिच्या मोडण्यातून वस्तुमानरहित कण निर्माण होतो. तो कण म्हणजे पायॉन. क्वार्कांना थोडेसे वस्तुमान असल्यामुळे पायॉनलाही थोडेसे मिळते, एवढेच. नांबूंच्या मांडणीत तेव्हा क्वार्क नव्हते, ती भाषा नंतरची आहे, पण गाभा त्यांचाच. आता युकावांकडे परत पाहिले की साखळी पुरी होते. अणुकेंद्रातल्या बलाचा बाहेरचा पल्ला दीड फेम्टोमीटरच्या आसपास आहे, कारण पायॉन हलका आहे. आणि पायॉन हलका आहे, कारण निर्वातात एक सममिती मोडलेली आहे. मूळ प्रबल बल क्वार्कांमध्ये ग्लुऑन नावाच्या कणांच्या देवघेवीतून चालते आणि प्रोटॉन-न्यूट्रॉनमधले बल ही त्याची बाहेर झिरपलेली बाजू आहे, हे आज माहीत असले तरी त्या बाजूचे लांब पल्ल्याचे वर्णन अजूनही पायॉनच्या देवघेवीनेच करतात.

नोव्हेंबर १९७४ मध्ये ब्रुकहेवन येथे सॅम्युएल टिंग यांच्या आणि स्टॅनफर्ड येथे बर्टन रिक्टर यांच्या गटांनी एकाच वेळी एक मेसॉन जाहीर केला. एकाने त्याला ‘जे’ (J) म्हटले, दुसऱ्याने ‘साय’, आणि ‘जे/साय’ असे नाव जोडूनच राहिले. ३,०९७ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट इतक्या जड कणाने तत्क्षणी फुटायला हवे होते, पण तो अपेक्षेहून सुमारे हजार पटींनी अधिक टिकत होता. आयुष्याची खूण येथे पुन्हा कामी आली: आत चौथा, चार्म नावाचा क्वार्क आपल्या प्रतिक्वार्कसह होता, आणि चार्म असलेल्या दोन मेसॉनांत फुटण्याइतकी ऊर्जा या जोडीजवळ नव्हती. त्याआधी क्वार्क ही केवळ हिशोबाची सोय आहे असे मानणारे बरेच जण होते. जे/साय मेसॉननंतर ते म्हणणे टिकले नाही. १९७७ मध्ये फर्मिलॅब येथे अप्सिलॉन मेसॉनमधून बॉटम क्वार्क समोर आला. सहावा, टॉप क्वार्क मात्र इतक्या लवकर विघटित होतो की त्याला इतरांसारखे मेसॉन बांधायला उसंतच मिळत नाही.

भाररहित केऑन हा या सगळ्यांत माझा सर्वांत आवडता कण आहे. तो आणि त्याचा प्रतिकण एकमेकांत रूपांतरित होत राहतात, आणि या मिश्रणातून दोन वेगळ्या आयुष्यांची रूपे निघतात, एक अल्पायुषी आणि दुसरे त्याच्या सुमारे ५७० पट टिकणारे. द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांच्यात डाव्या-उजव्याच्या अदलाबदलीसह पूर्ण समानता असती, तर दीर्घायुषी रूपाने दोन पायॉनमध्ये कधीच विघटित व्हायला नको होते. १९६४ मध्ये ब्रुकहेवन येथे जेम्स क्रोनिन आणि व्हॅल फिच यांच्या गटाला ते हजारात सुमारे दोन वेळा तसे होताना दिसले. विश्वात प्रतिद्रव्य जवळजवळ नाही आणि द्रव्य आहे, याचे स्पष्टीकरण शोधताना अशा असमानतेची गरज आहे हे साखारोव्ह यांनी १९६७ मध्ये दाखवले. १९७३ मध्ये, तीनच क्वार्क ठाऊक असताना, माकोतो कोबायाशी आणि तोशिहिदे मास्कावा यांनी ही असमानता सिद्धांतात बसवायची तर किमान सहा क्वार्क हवेत असे मांडले. त्याची खरी कसोटी बी-मेसॉनांवर, म्हणजे बॉटम क्वार्क असलेल्या मेसॉनांवर लागली. जपानमधील त्सुकुबा येथील बेल आणि स्टॅनफर्ड येथील बाबार या प्रयोगांत २००१ मध्ये बी-मेसॉनांतही असमानता स्पष्ट दिसली, आणि २०१९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या एलएचसीबी प्रयोगाने ती चार्म असलेल्या मेसॉनांतही दाखवली. मात्र मेसॉनांत मोजलेली ही असमानता विश्वातल्या द्रव्याच्या हिशोबाला फारच अपुरी पडते, आणि म्हणूनच बी-मेसॉनांची मोजमापे आजही इतक्या नेटाने चालू आहेत.

व्याख्येची ओढाताणही थांबलेली नाही. २००३ मध्ये बेल प्रयोगात ३,८७२ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा एक कण सापडला, जो क्वार्क-प्रतिक्वार्कच्या साध्या जोडीत नीट बसत नाही. पुढे चार्म-प्रतिचार्म जोडी असूनही विद्युत्‌भार असलेला एक कण मिळाला आणि २०१४ मध्ये एलएचसीबीने त्याला दुजोरा दिला. त्या जोडीचा भार शून्य असल्याने त्याच्या आत किमान चार घटक असलेच पाहिजेत. २०२१ मध्ये तर दोन चार्म क्वार्क, एक प्रतिअप आणि एक प्रतिडाउन असलेला कण जाहीर झाला. बॅरिऑन संख्या शून्य आहे म्हणून हे सगळे मेसॉनांतच मोजले जातात, पण जोडीची व्याख्या त्यांना पुरत नाही. या दोन-चार्मवाल्या कणाचे वस्तुमान दोन विशिष्ट डी-मेसॉनांच्या (एक चार्म क्वार्क असलेल्या मेसॉनांच्या) वस्तुमानांच्या बेरजेहून अर्ध्या मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षाही कमी फरकाने खाली आहे, म्हणजे बांधणी अगदी सैल. चार क्वार्क एकाच गाठोड्यात घट्ट बसले आहेत, की दोन मेसॉन शेजारी शेजारी एखाद्या विरळ रेणूसारखे राहत आहेत, यावर अजून वाद आहे. दुसरा पर्याय खरा ठरला, तर त्या दोन मेसॉनांना इतक्या अंतरावरून एकत्र धरणारे बल बहुधा त्यांच्यामध्ये पायॉनची देवघेव होऊन निर्माण होत असेल, आणि ते मोजायला युकावांचे १९३५ चे तेच सूत्र वापरले जाते.